इब्राहीमांच्या गांवीं चार दिवस

तुर्कस्तानच्या आग्नेय कोपऱ्यांत, सीरियाच्या सरहद्दीपासून सुमारें 50 किलोमीटरांवर, ऊर्फा नांवाचें एक जुनें शहर आहे. ग्रीक लोक त्यास एडेसा म्हणत; सिरियाक भाषेंत त्याचें नांव उर्हाय; आणि 1984 सालीं तुर्की पार्लमेंटानें 'शानली' म्हणजे 'कीर्तिवंत' असें बिरुद बहाल केल्यापासून नकाशावर तें शानलीऊर्फा असें छापतात. गांवचे लोक मात्र नुसतें ऊर्फाच म्हणतात. मुसलमान ज्यांना पैगंबर मानतात, यहुदी व ख्रिस्ती ज्यांना आपला मूळ पुरुष समजतात, त्या इब्राहीमांचा जन्म येथल्याच एका गुहेंत झाला अशी या गांवाची श्रद्धा आहे. 2024 सालच्या ऑक्टोबर महिन्यांत आम्ही तेथें चार दिवस राहिलों. जाण्यास विशेष असें कारण कांहीं नाहीं, म्युनिकच्या वाटेवर इस्तंबूल लागतें आणि इस्तंबूलहून तेथें दोन तासांच्या आंत विमान पोहोंचतें, एवढेंच आम्ही घरीं सांगितलें होतें. तें पुरतें खरें नव्हतें. पण तें ओघानें पुढें येईल.

विमानतळापासून शहरापर्यंत रस्त्याच्या दोहों बाजूंस कापसाचीं शेतें पांढरीशुभ्र फुटलेलीं होतीं. युफ्रेटिसवर बांधलेल्या अतातुर्क धरणाचें पाणी 1995 सालापासून बोगद्यांवाटे या मैदानांत उतरवलें आहे, त्याची ही किमया. ऊन मात्र आपल्या सोलापूरच्या वैशाखासारखें, आणि तेंही ऑक्टोबरांत.

शहराच्या पोटांत, किल्ल्याच्या टेकडीच्या पायथ्याशीं, दोन तळीं आहेत. मोठ्याचें नांव हलील-उर्-रहमान, म्हणजे 'दयाघनाचा मित्र'. हें इब्राहीमांचेंच बिरुद आहे. सुमारें 150 मीटर लांब व 30 मीटर रुंद असा तो दगडांनीं बांधून काढलेला हौद आहे. एका अंगास 1211 सालची मशीद, दुसऱ्या अंगास 1736 सालीं बांधलेली रिझवानिये मशीद व तिच्या कमानींची लांबच लांब ओळ; पाणी निवळ, आणि त्यांत मासे किती म्हणून सांगावे! कांठावर बसलेल्या विक्रेत्याकडून माशांच्या दाण्यांची ताटली घेऊन मूठभर पाण्यांत टाकली, कीं एकावर एक चढून पाणी दिसेनासें होईल अशी त्यांची झुंबड उडते. हे मासे कोणी खात नाहीं. खाईल तो आंधळा होतो असें म्हणतात. सौभाग्यवतींस महाडजवळची वाळणकोंड आठवली. तेथेंही देवीचे मासे म्हणून त्यांस कोणी हात लावीत नाहीं, कुरमुरे घालून हात जोडतात. "म्हणजे हें आपल्यासारखेंच आहे," असें म्हणून त्यांनीं सगळी ताटली पाण्यांत रिकामी केली व दुसरी घेतली.

माशांची कथा अशी. या देशीं नमरूद नांवाचा राजा होता. त्याच्या ज्योतिष्यांनीं भविष्य सांगितलें, कीं यंदा एक बालक जन्मास येईल व तें तुझें राज्य आणि तुझे देव बुडवील. राजानें मुलें मारण्याचा हुकूम दिला. एका बाईनें गुहेंत लपून आपल्या मुलास जन्म दिला व तें तेथेंच वाढलें. (येथवर ऐकून आमच्याकडचा कोणीही श्रोता कंस आणि देवकी हीं नांवें घेईल. आम्हीही घेतलीं.) मोठेपणीं त्या मुलानें देवळांतल्या मूर्ति फोडल्या. राजानें टेकडीखालीं प्रचंड अग्नि पेटवला आणि वरून गोफणयंत्रानें त्यास आंत फेंकलें. अग्नीचें पाणी झालें, लांकडांचे मासे झाले. नमरूदाची मुलगी जुलेखा इब्राहीमांच्या बाजूची होती. तिच्या नांवानें शेजारचें धाकटें तळें आहे. टेकडीवर दोन उंच खांब उभे आहेत, तेंच तें यंत्र, असें बोट करून दाखवितात. खांबांपैकीं एकावर सिरियाक लेख असून त्यांत शलमथ नांवाच्या राणीचा उल्लेख आहे. यंत्राशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. 2023 च्या फेब्रुवारींतल्या भूकंपानें किल्ल्याच्या तटाची पडझड झाली. आम्ही वर चढलों नाहीं, खालूनच पाहिलें.

पंडितांस विचारलें तर ते आणखीही निराश करतील. इसवी सनाच्या चवथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नांवाची एक ख्रिस्ती यात्रेकरू बाई येथें आली होती. तिनें राजवाड्यांतलीं माशांनीं भरलेलीं तळीं पाहून त्यांचें वर्णन लिहून ठेवलें आहे. पण तिला सांगितलेली कथा अबगार राजाची होती, इब्राहीमांची नव्हे. मासे होते तसेच राहिले, कथा तेवढी पालटली. बायबलांत इब्राहीमांचें जन्मगांव 'ऊर' असें दिलें आहे. तें दक्षिण इराकांत, जेथें 1922 ते 1934 पर्यंत लेनर्ड वूली यांनीं उत्खनन केलें, तेथें असावें असें बहुतेक विद्वानांचें मत. कुराणांत अग्नीची कथा आहे. परमेश्वरानें अग्नीस शीतल होण्याची आज्ञा केली असें तेथें सांगितलें आहे. परंतु त्यांत माशांचें नांव नाहीं, नमरूदाचें नाहीं, आणि ऊर्फेचें तर नाहींच नाहीं. गुहेशेजारच्या मशिदींत पाणी पिण्यास रांग लावून उभ्या असलेल्या बायाबापड्यांस हें कोणीं सांगावें, आणि कशाकरितां? पंढरीस जाणाऱ्या वारकऱ्याच्या हातीं ताम्रपटाची नक्कल देण्यासारखेंच तें होईल.

गुहेंत आम्हीही गेलों. पुरुषांची वाट निराळी, बायकांची निराळी. वांकून आंत जावें लागतें. कांचेपलीकडे खडकांतून पाझरणारें पाणी आहे, आणि अलीकडे चार-सहा माणसें मुकाट्यानें हात पसरून उभीं. आम्हीही उभे राहिलों. आणि तेथें आम्हांस वाटलें, कीं आपण चुकीच्या घरांत शिरलों आहों.

आतां कारण सांगितलें पाहिजे. आम्ही स्नान करून देवपूजा केल्यावांचून चहा घेत नाहीं. आमच्या घरीं पांच पिढ्यांचे देव आहेत: रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, नर्मदेचा बाण, आणि कुलस्वामिनीचा चांदीचा टाक, ज्याचें नाक-डोळे पुसून पुसून आतां दिसत नाहींत. गेल्या मार्चांत आमचा वाडा पाडून तेथें इमारत उठवण्याचें ठरलें. चौघां भावांचीं चार बिऱ्हाडें व्हावयाचीं. तेव्हां देव कोणाकडे हा प्रश्न निघाला. आम्ही थोरले, म्हणून आमच्याकडे. आणि आमच्या मागें आमच्या थोरल्या मुलाकडे, हें सर्वांनीं गृहीत धरलें. मुलगा त्या वेळीं म्युनिकहून आलेला होता. तो सर्वांदेखत म्हणाला, "अण्णा, मी देव नेणार नाहीं. माझा विश्वास नाहीं, आणि तुम्हांला बरें वाटावें म्हणून ढोंग मी करणार नाहीं." आवाज चढवला नाहीं, कोणाची टवाळी केली नाहीं. तो टवाळीनें बोलला असता तर आम्हांस सोपें गेलें असतें. आम्ही म्हणालों, "मग आम्ही गेल्यावर श्राद्धाचेंही ढोंग करूं नकोस." जातांना त्यानें वांकून नमस्कार केला व "प्रकृतीला जपा" असें म्हणाला. आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतों. त्यानंतर सात महिने आमचें बोलणें नाहीं. रविवारीं त्याचा फोन येई तेव्हां सौभाग्यवती बोलत, आणि आम्ही गॅलरींतल्या कुंड्यांस पाणी घालीत असूं.

तिकिटें त्यानेंच धाडलीं होतीं. सौभाग्यवतींनीं स्पष्ट सांगितलें, कीं तुम्ही न आलां तर मी एकटी जाईन. आम्ही होकार दिला, पण वाटेंत चार दिवस ऊर्फेस राहूं अशी अट घातली. लहानपणीं साताऱ्यास शेजारच्या तांबोळ्यांच्या आजीनें आम्हांस एका बकरी ईदेला इब्राहीमांची गोष्ट सांगितली होती. अग्नि, गोफण, मूर्ति, सगळें. त्या गोष्टींतला बाप तेव्हां आमच्या लक्षांतही आला नव्हता. यंदा तोच सारखा आठवूं लागला.

त्या बापाचें नांव कुराणांत आझर असें आहे, बायबलांत तेरह. परंपरा सांगते, कीं तो मूर्ति घडवीत असे. मुलगा त्यास म्हणाला, जें ऐकत नाहीं, पाहत नाहीं, त्याची पूजा तुम्ही कां करतां? विशेष हें, कीं हें बोलतांना मुलाच्या तोंडीं दर वेळीं 'बाबा' अशी लडिवाळ हांक आहे. बाप भडकला. दगडांनीं मारीन, चालता हो, म्हणाला. मुलगा सलाम करून, मी तुमच्यासाठीं क्षमा मागेन असें सांगून निघाला. पुढें संबंध तोडल्याचाही उल्लेख त्याच ग्रंथांत दुसऱ्या ठिकाणीं आहे, आणि त्याच ओळींत तो मनाचा मऊ होता असेंही म्हटलें आहे. मूर्तींचा प्रसंग तर सर्वांस ठाऊक आहे. सगळ्या फोडून एक मोठी तेवढी शाबूत ठेवली. लोक जाब विचारण्यास आले तेव्हां म्हणाले, या मोठीलाच विचारा, बोलतां येत असेल तर ती सांगेल.

दुसऱ्या दिवशीं आम्ही येथला वस्तुसंग्रह पाहण्यास गेलों. ही नवी इमारत 2015 सालीं खुली झाली. शहराच्या ईशान्येस 15 किलोमीटरांच्या आंतबाहेर गोबेक्ली तेपे म्हणून टेकडी आहे. तेथें क्लाउस श्मिट या जर्मन संशोधकानें 1995 सालापासून उत्खनन करून सुमारें साडेअकरा हजार वर्षांपूर्वींचे कोरीव दगडी खांब उजेडांत आणले. त्यांच्या प्रतिकृतींपुढें शाळेच्या मुलांची गर्दी होती. आम्ही थांबलों तें दुसऱ्या एका वस्तूपुढें. सुमारें सहा फूट उंचीचा एक चुनखडीचा पुरुष. दोन्ही हात पुढें जुळवलेले, गळ्याशीं दुहेरी पट्टी, आणि डोळ्यांच्या खोबणींत काळ्या ज्वालामुखी कांचेचे तुकडे. पुरुषभर उंचीची याहून जुनी मूर्ति जगांत सांपडलेली नाहीं असें समजतात; वय अकरा हजार वर्षांच्या घरांत. आणि ती सांपडली कोठें? त्या माशांच्या तळ्याजवळच, जुन्या वस्तींत, बांधकामासाठीं जमीन खणतांना.

त्या मूर्तीस तोंड नाहीं. नाक आहे, डोळे आहेत; ओठांच्या जागीं गुळगुळीत दगड. आम्ही बराच वेळ तेथें उभे होतों. मूर्ति फोडणाऱ्याच्या गांवांत, त्याच्या तळ्याच्या अगदीं उशाशीं, ही एवढी थोरली मूर्ति निजून राहिली होती. आणि तिला बोलण्यास सांगितलें असतें, तर बोलण्याची सोयच घडवणाऱ्यानें ठेवली नव्हती. आम्हांस आमचा पुसलेला टाक आठवला. सौभाग्यवती म्हणाल्या, "डोळे कसे आपल्याकडे बघतात पाहा." त्यांनीं हात जोडले कीं काय, तें आम्ही पाहिलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं हर्रानला गेलों. तें दक्षिणेस सुमारें 45 किलोमीटरांवर, सपाट मैदानांत आहे. मातीच्या, मधमाशांच्या पोळ्यासारख्या घुमटांचीं घरें पाहण्यास लोक येतात. एका पडक्या मशिदीचा चौकोनी मनोरा दुरून दिसतो. प्राचीन काळीं येथें सिन नांवाच्या चंद्रदेवाचें मोठें देऊळ होतें, आणि चंद्राची उपासना इस्लामी राजवटींतही कित्येक शतकें टिकून होती. चंद्र मावळतो, सूर्य मावळतो, मग मावळणाऱ्याची पूजा कशी करूं, असें इब्राहीम म्हणाले ही कथा या आकाशाखालीं चांगली पटते. पण आमचें लक्ष दुसरीकडे होतें. बायबलाप्रमाणें बाप आणि मुलगा दोघेही जन्मगांव सोडून या हर्रानास आले होते. बाप येथेंच राहिला. मुलगा 75 व्या वर्षीं पुढें कनानकडे निघून गेला. तेरहाचें वय मुलाच्या जन्माच्या वेळीं 70, मरणसमयीं 205. मोटारींत बसल्या बसल्या आम्ही वजाबाकी केली. मुलगा गेल्यावर बाप येथें 60 वर्षें जगला. टीकाकारांनीं या आंकड्यांचे इतरही अर्थ लावले आहेत. आम्ही हेच धरून बसलों. साठ वर्षें! आम्हांस सात महिने झाले होते.

त्या संध्याकाळीं तळ्याच्या कांठावर आम्ही एकटेच बसलों. सौभाग्यवती बाजारांत इसोट नांवाची येथली काळपट लाल मिरची विकत घेण्यास गेल्या होत्या. मशिदींतून बांग झाली, कमानींतले दिवे लागले, पाण्यांत त्यांच्या ओळी उमटल्या. आणि वाचक हंसतील तर हंसोत, पण आम्ही मनांत असें धरलें, कीं शेजारच्या पायरीवर इब्राहीम येऊन बसले आहेत. चेहरा आम्ही कल्पिला नाहीं. त्या धर्मांत पैगंबरांचें चित्र काढण्याची चाल सामान्यतः नाहीं, आणि पाहुण्यानें यजमानाच्या घरची रीत पाळावी. नुसते म्हाताऱ्या माणसाचे हात, माशांस दाणे टाकणारे.

तरुण, कुऱ्हाड घेतलेले इब्राहीम आमच्यासमोर येईनात. म्हातारेच आले, ज्यांच्या तंबूपुढें अनोळखी वाटसरू उभे राहिले आणि नांवगांव न विचारतां ज्यांनीं त्यांच्यापुढें अन्न ठेवलें, ते. शेख सादींनीं 1257 सालीं पुऱ्या केलेल्या 'बोस्तान' ग्रंथांत यांची आणखी एक गोष्ट आहे. पाहुण्यावांचून हे जेवत नसत. एकदां आठवडाभर कोणी आलें नाहीं. शेवटीं वाळवंटांत एक वृद्ध भेटला, त्यास घरीं आणलें. जेवणापूर्वीं त्यानें देवाचें नांव घेतलें नाहीं. चौकशी करतां तो अग्निपूजक निघाला, तेव्हां त्यांनीं त्यास पानावरून उठवलें. तोंच परमेश्वराची वाणी झाली, कीं शंभर वर्षें मी याला अन्न दिलें, तुला एक घटका निभलें नाहीं काय? ही गोष्ट आम्हांस फार धीर देणारी वाटली. पैगंबरांसही एकदां पानावरच्या माणसास उठवल्याचा पस्तावा झाला होता. आणि आपल्याकडे ते आले तर? देवघर आमच्या जेवणघराच्या समोरच आहे. पडदा ओढावा कीं काय? ते वासरू भाजून वाढणारे, आम्ही वरण-भात वाढणारे. त्यांस पाट कोठें मांडावा, यावर आमच्या घरीं दोन दिवस खल झाला असता.

पण विचारावयाचें तें विचारलें. म्हटलें, "हर्रानहून निघालांत, मग कधीं निरोप धाडलांत का? साठ वर्षें होतीं."

"हें तुम्ही कोणाच्या वतीनें विचारतां?" असें त्यांनीं म्हटलें.

"आझराच्या."

दाणे टाकणारे हात थांबले. "निघतांना मी सलाम केला होता," ते म्हणाले. "त्यांनीं त्यावर काय उत्तर दिलें, तें कोठें तुमच्या वाचण्यांत आलें आहे काय?"

आम्ही आठवून पाहिलें. कुराणाचें मराठी भाषांतर आम्ही निघण्यापूर्वीं वाचलें होतें, तो भाग तर दोनदां. मुलाचा सलाम आहे, मुलाचें निघून जाणें आहे. बापाचें उत्तर नाहीं.

"जेवायचें आहे ना?" असा प्रश्न ऐकूं आला. तो सौभाग्यवतींचा होता. हातांत मिरच्यांची पिशवी, आणि कागदांत गुंडाळलेली पातळ रोटी. येथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे 'ची कोफ्ते': कच्चें मांस, दलिया व मिरची एकत्र मळून केलेला; नमरूदानें सगळें सर्पण अग्नीसाठीं गोळा केल्यामुळें चुलीवांचून झाला, अशी त्याचीही कथा आहेच. कच्च्या मांसाचा धोका ओळखून हल्लीं दुकानांत तो मांसावांचूनच विकतात, याची त्यांनीं दुकानदारास तीन वेळां खूण करून खात्री करून घेतली होती. तिखट इतका, कीं दोघांच्याही डोळ्यांस पाणी आलें, आणि आमच्या डोळ्यांतल्या पाण्याचें कारण कोणीं विचारलें नाहीं.

उतरलों होतों त्या ठिकाणीं मालकांनीं मिर्रा म्हणून अति कडू कॉफी चिमुकल्या पेल्यांत दिली. पिऊन आम्ही पेला मेजावर ठेवला, तोंच हंशा पिकला. पेला देणाऱ्याच्याच हातीं परत द्यावयाचा असतो. खालीं ठेवला तर तो सोन्यानें भरून द्यावा, नाहीं तर त्याचें लग्न लावून द्यावें, असा दंड. मालकांचें लग्न होऊन नातवंडें झालेलीं होतीं, तेव्हां आम्ही सुटलों.

रविवार होता. नऊ वाजतां फोन वाजला. सौभाग्यवतींनीं तो उचलला, आणि कांहीं न बोलतां आमच्यापुढें धरला. येथें कुंड्या नव्हत्या.

"मंगळवारीं दुपारीं पोहोंचतों," आम्ही म्हणालों. "तुझी आई मिरच्या आणते आहे."

थोडा वेळ पलीकडून कांहीं आलें नाहीं. मग तो म्हणाला, "अण्णा, प्रकृति बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझी?"

"बरी आहे." आणि पुन्हां थोडें थांबून, "देवांचें सध्यां कोण करतें?"

"तुझा धाकटा काका. डब्यांत भरून त्याच्याकडे ठेवले आहेत. रोज काढून पूजा करतो."

"आणि अन्नपूर्णेचा पाय? हालत होता तो?"

आम्हांस तें ठाऊक नव्हतें. पाय हालतो हें आमच्या कधीं ध्यानांत आलें नव्हतें. उद्यां काकास विचारून सांगतों, असें आम्ही म्हणालों.